काउंटीचा गन-शो नियम: सपोर्ट करायचा की विरोध? अजून ठरत नसेल तर वाचा

एका मित्राला नुकतीच सिटिझनशिप मिळाली, राहतो फ्लोरिडात आमच्याच काउंटीत (म्हणजे साधारण जिल्ह्यात), आणि आता काउंटी कमिशनसमोर गन शोसारख्या (म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीच्या) जागी होणाऱ्या खाजगी बंदूकविक्रीवर निर्बंध घालायचा प्रस्ताव आलाय तर विचारतो की अरे नक्की कुठल्या बाजूला उभं राहायचं. मी विरोधात आहे हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की तुलनेच्या नावाखाली प्रचार केला. पण समोरच्यांचा मुद्दा फालतू आहे असं मला वाटत नाही.

आधी आत्ता काय चालतं ते बघू. दुकानातून बंदूक घेतली तर दुकानदाराकडे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, लायसन्स असतं, तो ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतो, बॅकग्राउंड चेक करतो (म्हणजे घेणाऱ्यावर बंदी तर नाही ना ते तपासतो), मगच माल हातात. पण मी माझी स्वतःची रायफल याच राज्यातल्या दुसऱ्या माणसाला विकली तर फेडरल कायद्यात चेक नाही आणि फ्लोरिडाच्या कायद्यातही नाही. म्हणजे सगळं रान मोकळं आहे असंही नाही हं, घेणाऱ्यावर बंदी आहे हे माहीत असताना किंवा तसा संशय यायला कारण असताना विकली तर तो गुन्हाच आहे, आणि दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकायची तर मधे लायसन्सवाला डीलर लागतोच. आपल्या लोकांसाठी एक जास्तीचं सांगतो: एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून बंदूक घेणंच काय, बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. खाजगी विक्रेत्याने काही विचारलं नाही म्हणून तुम्ही सुटत नाही. ग्रीन कार्डवाल्यांचं तसं नाही.

आता काउंटीचा नियम. फ्लोरिडात १९९८ साली लोकांनी मतदान करून राज्यघटनेतच तरतूद घातली, ७२ टक्के मतांनी, की काउंटीला वाटलं तर ती विक्रीआधी क्रिमिनल रेकॉर्ड तपासायची अट घालू शकते आणि ३ ते ५ दिवस थांबायला लावू शकते, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. मायामी-डेड, ब्रॉवर्ड, पाम बीच, हिल्सबरो अशा मोठ्या काउंट्यांनी असा नियम केलाय. पण नीट वाचा, हा नियम फक्त जिथे पब्लिकला यायचा हक्क आहे अशा जागेवर व्यवहाराचा काही भाग झाला तरच लागतो. कन्सील्ड कॅरीचं (बंदूक लपवून सोबत बाळगायचं) परमिट असलेल्याला तोही लागत नाही. म्हणजे गन शोच्या हॉलमध्ये विकलीत तर चेक, आणि तोच माणूस संध्याकाळी तुमच्या घरी येऊन किचन टेबलावर पैसे मोजून घेऊन गेला तर काही नाही!

माझी पहिली अडचण इथेच आहे. मी अशा शोला दोन-तीनदा गेलोय. दारात तुमची बंदूक रिकामी आहे का बघतात, अ‍ॅक्शनमधून (म्हणजे गोळी भरायच्या यंत्रणेतून) प्लास्टिकची पट्टी आवळतात, मग आत. बहुतेक टेबलं लायसन्सवाल्या डीलर्सचीच असतात, ते शोमध्येही चेक करतातच, बाकी मग चाकू, जुन्या लष्करी टोप्या, आणि मधेच बीफ जर्कीचा स्टॉल. खाजगी विक्रेता म्हणजे खांद्यावर रायफल टाकून फिरणारा एखादा आजोबा, नळीत काडी खोचलेली आणि काडीला किमतीचा कागद. हा नियम लागणार त्या आजोबांना. तुरुंगातल्या कैद्यांचा २०१६ चा केंद्र सरकारचा सर्व्हे आहे, ज्यांच्याजवळ गुन्ह्याच्या वेळी बंदूक होती त्यातल्या ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरच्या काळ्या बाजारातून मिळवलेली, साधारण २५ टक्क्यांनी घरच्यांकडून किंवा मित्रांकडून, आणि गन शोमधून किती, तर ०.८ टक्के.

सपोर्टवाले म्हणतात की अरे पण तो काळ्या बाजारातला माल कधीतरी कोणीतरी विनाचेक विकलेलाच असतो ना. बरोबर आहे, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण मग त्याला लागतो राज्यभर सगळ्या विक्रीला लागू होणारा कायदा, एका काउंटीतल्या एका हॉलचा नाही. आमच्या काउंटीची हद्द गाडीने वीस मिनिटांवर आहे, शो तिकडे सरकेल, संपलं. शिकागोत तर २०१४ मध्ये कोर्टाने रद्द करेपर्यंत शहरात बंदूक विकायलाच बंदी होती, तरी शेजारच्या इंडियाना राज्यातून माल येतच राहिला. (याच उदाहरणावरून सपोर्टवाले "म्हणूनच मोठा कायदा हवा" म्हणतात, आणि त्यांचं ते म्हणणं मला काउंटीच्या नियमापेक्षा जास्त पटतं.)

मोठा कायदा तरी चालतो का? वॉशिंग्टन राज्यात २०१४ ला एकाच बॅलटवर दोन उलटे प्रस्ताव होते, ५९४ म्हणजे सगळ्या खाजगी विक्रीला चेक, आणि ५९१ म्हणजे फेडरल कायद्यापेक्षा जास्त चेक नको. रेडमंड-बेल्व्ह्यूकडच्या आपल्या लोकांना आठवत असेल, बिल गेट्स, पॉल अ‍ॅलन, बाल्मर या मायक्रोसॉफ्टवाल्या सगळ्यांनी ५९४ ला पैसे दिले होते, ५९ टक्के मतांनी पास झाला आणि ५९१ पडला. नंतर अभ्यासकांनी बघितलं तर वॉशिंग्टनमध्ये आणि तसाच कायदा केलेल्या कोलोराडोत चेकची संख्या काही वाढलेली दिसली नाही, लोक पाळतच नव्हते असा अंदाज, डेलावेअरमध्ये मात्र वाढली. म्हणजे कायदा छोटा असो की मोठा, अंमलबजावणी कोण करतंय यावर सगळं. आमच्या काउंटीत प्रस्तावाच्या कागदात त्यासाठी एक माणूससुद्धा वाढवलेला नाही, मी शोधलं.

खर्चाचं म्हणाल तर खाजगी विक्री डीलरमार्फत, चेक करून, ट्रान्स्फर करून घ्यायला साधारण २५ ते ५० डॉलर जातात. हजाराच्या रायफलला ठीक आहे, दीडशेच्या जुन्या बावीस बोअरला चांगलंच लागतं. आणि गंमत म्हणजे मला स्वतःहून चेक करायचा म्हटलं तर करता येत नाही, फेडरल सिस्टिम सामान्य माणसाला उघडीच नाही, डीलरच लागतो. ती उघडा, फुकट करा, मी पहिला वापरेन.

मित्राला एक भीती होती की काउंटी आज हे करतेय, उद्या आणखी काहीतरी. ती भीती फ्लोरिडात फारशी खरी नाही. बाकी बंदुकीचे नियम करायचे अधिकार राज्याने स्वतःकडेच ठेवलेत, आणि २०११ पासून हद्द मुद्दाम ओलांडणाऱ्या स्थानिक पदाधिकाऱ्याला खिशातून ५,००० डॉलरपर्यंत दंड आहे. त्यामुळे विरोध करायचा तर या मुद्द्यावर करू नका, सुनावणीत मायक्रोफोनवर हसं होईल.

गावाकडचं आठवलं म्हणून सांगतो. सिंधुदुर्गात आजोबांकडे शेतीसंरक्षणाची काडतुशी बंदूक होती, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. भारतात लायसन्सवाल्याने लायसन्सवाल्याला विकायची तरी कलेक्टरला किंवा पोलिसांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. त्या मानाने इथले ३ ते ५ दिवस काहीच नाहीत हे मान्य, पण तिथे नियम अख्ख्या देशाला एक आहे, कुडाळात एक आणि कणकवलीत दुसरा असं नाही.

तर ज्याला गन शोमधला तेवढा एक दरवाजा बंद झाला तरी पुरे वाटतं त्याने सपोर्ट करावा, त्यात वेडेपणा काही नाही. ज्याला वाटतं की नियम माणसाला लागावा, जागेला नाही, त्याने विरोध करावा. सुनावणीत बोलायला थोडाच वेळ मिळतो, तेव्हा भाषण नको, एवढंच विचारा: किचन टेबलाचं काय, आणि तपासणार कोण?

मी स्वतः मागच्या वर्षी रायफल विकली तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं तरी डीलरकडेच गेलो, कारण घेणारा अनोळखी होता. चाळीस डॉलर झाले. तो म्हणाला एवढे कशाला, मी म्हटलं निम्मे निम्मे, मग काही बोलला नाही.