लायरा आधी की गेड? दहावीनंतरच्या सुट्टीसाठी दोन कादंबऱ्या

दहावीची परीक्षा संपली की जळगावच्या उन्हात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, आणि वाचणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजीतली पहिली अद्भुतरम्य कादंबरी कोणती द्यावी, हा प्रश्न आमच्या नातेवाइकांत दर वर्षी निघतो. हॅरी पॉटर बहुतेकांनी मराठीतून आधीच वाचलेला असतो, त्यामुळे त्याचा विचार येथे करीत नाही. यंदा मी जे किशोरसाहित्य वाचले, त्यातून दोनच कादंबऱ्या मनात घर करून राहिल्या : फिलिप पुलमन यांची ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५), जिची नायिका लायरा, आणि उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), जिचा नायक गेड.

पकड म्हणाल, तर पुलमन यांना तोड नाही. स्त्रियांना मज्जाव असलेल्या दालनात लायरा शिरते, खुर्चीमागे लपते, आणि ती राहते त्या कॉलेजचे प्रमुख पाहुण्यासाठी ठेवलेल्या मद्यात पांढरी पूड मिसळताना तिला दिसतात; एवढे वाचल्यावर पुस्तक खाली ठेवणारा मुलगा मी पाहिलेला नाही. या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत वावरतो. मुलांचे हे सोबती सतत रूप बदलतात आणि वयात आल्यावर एका रूपात कायमचे स्थिरावतात. किशोरवयाविषयी इतकी नेमकी कल्पना मला अन्यत्र आढळली नाही. उत्तरेकडच्या बर्फात, सोबती तोडून काढलेला एक मुलगा त्याच्या जागी वाळलेला मासा छातीशी कवटाळून बसलेला लायराला सापडतो. त्या प्रसंगानंतर पुढचे पान उलटायला मला बराच वेळ लागला.

ले ग्विन यांची चाल संथ आहे, आणि पहिल्या काही पानांत संवादही थोडे आहेत. तरीही शेळ्यांचा प्रसंग पाहावा. सात वर्षांचा गेड मावशीच्या तोंडून ऐकलेले जादूचे कवन अर्थ न कळता डोंगरावर म्हणतो, शेळ्या आवाज न करता जवळ येतात, त्याला चहूबाजूंनी वेढतात आणि काही केल्या हलत नाहीत. शेळ्यांमागे हिंडलेल्या आपल्याकडच्या मुलाला त्या गर्दीची भीती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पुढे त्याचा जादूगार गुरू ओगियन, पाऊस थोपवण्याची शक्ती अंगी असूनही, त्याला मुकाट्याने पडू देतो आणि भिजत झोपतो. शक्ती वापरायची नसेल तर ती असून उपयोग काय, असे गेडला वाटते. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या भागात हा प्रश्न अधिकच खोलवर जातो, असे मला वाटते.

माझा कौल ठरला तो मात्र एका त्रासामुळे. ‘नॉर्दर्न लाइट्स’ संपत नाही, थांबते. सर्वांत मोठा आघात झाल्यावर, लायरा एका अनोळखी जगाकडे पाऊल टाकत असतानाच पुस्तक मिटते, आणि उरलेले सारे ‘द सटल नाइफ’ (१९९७) व ‘द अंबर स्पायग्लास’ (२०००) यांवर सोपवलेले असते. मोठ्या शहरात संध्याकाळी जाऊन पुढचा भाग आणता येत असेल; आमच्याकडे तो मागवावा लागला, आणि दुकानदाराने दोनदा विचारणा करूनही आधी आला तो तिसरा भाग. दुसरा येईपर्यंत माझ्या पुतण्याचे अकरावीचे क्लास सुरू झाले होते आणि वाचनाची ती ओढ ओसरली होती. शिवाय अमेरिकी आवृत्तीत पहिल्या भागाचे नाव ‘द गोल्डन कंपास’ आहे, त्यामुळे तोच भाग दुसरा समजून घेतला जाण्याचा संभव राहतो. गेडची गोष्ट त्या मानाने लहान आहे आणि एकाच पुस्तकात पुरी होते. त्याने स्वतःच्या गर्वापायी मोकळ्या सोडलेल्या सावलीचा पाठलाग शेवटच्या पानांत तडीस जातो, आणि पहिले इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचल्याचे समाधान मुलाला मिळते, जे या टप्प्यावर मला फार मोलाचे वाटते.

ज्यांना तिन्ही भाग एकदम घेणे शक्य आहे, त्यांनी पुलमन यांच्यापासून सुरुवात केली तर माझी हरकत नाही. तो प्रवास अधिक भव्य आहे, हे मान्यच करावे लागेल. मुलीसाठी पुस्तक निवडताना आणखी एक बाब लक्षात घ्यावी. गेडच्या कथेत स्त्रिया कडेला राहतात, आणि बायकांची जादू दुबळी व दुष्ट असते, अशा आशयाच्या म्हणी गेडच्या जन्मबेटावर सर्रास बोलल्या जातात. हे मलाही खटकले. ले ग्विन यांनी पुढे ‘तेहानू’त (१९९०) या बाजूकडे मुद्दाम लक्ष वळवले, परंतु ते पुस्तक प्रौढ वाचकाला अधिक जवळचे वाटेल. त्याऐवजी ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’ (१९७१) हा अर्थसी मालिकेचा दुसरा भाग सोबत द्यावा. लहानपणीच घरातून उचलून पुजारीण केलेली तेनार ही त्याची नायिका आहे, तिची कथाही त्याच पुस्तकात पूर्ण होते, आणि गेड तेथे बराच उशिरा येतो.