‘शुगर वाढत नाही’ म्हणून विकलेली बिस्किटं

ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांच्या घरी कुणाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मधल्या वेळचं खाणं म्हणून मला जे विकलं गेलं ते अजूनही विकलं जातंय, आणि विकण्याची तऱ्हा अशी आहे की सावध माणसालाही ती पटते.

मला टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड चालू आहे. ही दुसरी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे दोन जेवणांत फार अंतर पडलं की शुगर खाली येऊ शकते. मधल्या वेळी काहीतरी पोटात जाणं ही माझी गरज आहे, आणि त्या विक्रेत्याने नेमकी तीच हेरली.

कामाच्या ठिकाणी मोफत शुगर तपासणीचं टेबल लागलं होतं. पांढरा कोट घातलेला तो माणूस स्वतःला आहारसल्लागार म्हणवत होता. बोलणं आपुलकीचं. “ताई, किती दिवस मन मारणार? हे खा आणि स्वतःच्या डोळ्यांनी आकडा बघा.” त्याने माझी शुगर मोजली, दोन बिस्किटं खायला दिली, वीसेक मिनिटं पथ्यपाण्याच्या गप्पा मारल्या आणि पुन्हा मोजली. आकडा जेमतेम आठ-दहाने वर गेला होता. भोवतीच्या सगळ्यांनी पाहिलं. तिथल्या तिथे कित्येकांनी काही महिन्यांच्या खोक्यांचे पैसे आगाऊ भरले, त्यांत मीही होते.

सगळी लबाडी त्या वीस मिनिटांत होती. खाल्लेलं पोटातून आतड्यात जाऊन रक्तात उतरायला वेळ लागतो. शुगर साधारण तासाभराने किंवा त्याहून उशिरा सर्वांत वर जाते, आणि खाण्यात तेल-तूप असेल तर ती आणखी रेंगाळते. वीस मिनिटांनी मोजलं तर जवळजवळ काहीही खाल्लेलं ‘सुरक्षित’ ठरू शकतं. शिवाय घरगुती ग्लुकोमीटरसाठी २०१३ चं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते १०० आणि त्यावरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतं. म्हणजे तो आठ-दहाचा फरक मीटरच्या चुकीच्या मर्यादेतच बसत होता. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. रोज हेच करणाऱ्याला ते ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

पुढच्या तपासणीत माझं एचबीएवनसी वाढलेलं निघालं. हा आकडा मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या खाण्यावर त्याचं खापर फोडता येत नाही. डॉक्टर गोळीचा डोस वाढवायच्या बेतात होते. जेवण तेच, चालणं तेच, गोळ्या वेळेवर. नवीन होती ती फक्त बिस्किटं. त्यांनी विचारलं, “खाल्ल्यावर एका तासाने आणि दोन तासांनी मोजलंत का?” घरी येऊन मोजलं. तासाभराने आकडा २०० च्या पुढे होता. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन बहुतेक प्रौढांसाठी खाल्ल्यानंतरच्या एक-दोन तासांत १८० च्या आत राहा म्हणते. थोड्या दिवसांनी पुन्हा मोजलं, तरी तेच.

मग रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचून दाखवली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिलं होतं गव्हाचं पीठ, दुसरं माल्टोडेक्स्ट्रिन, मग वनस्पती तेल, मग माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चचे तुकडे करून बनवलेलं पीठ. पोटात गेल्यावर ते जवळजवळ ग्लुकोजइतक्याच वेगाने शुगर वाढवतं. पण त्याच्या साखळ्या लांब असल्यामुळे वेष्टनावर ते ‘साखर’ या ओळीत मोजलं जात नाही. १०० ग्रॅममागे साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर ‘शुगर-फ्री’ लिहिता येतं, असा नियम बऱ्याच देशांत आहे. त्या पाकिटावर साखर ०.४ ग्रॅम होती आणि एकूण कर्बोदकं ६८ ग्रॅम! ‘एका वेळचं प्रमाण’ म्हणून १० ग्रॅमचं एकच बिस्किट छापलेलं. भूक लागलेला माणूस चार खातो. म्हणजे २७ ग्रॅम कर्बोदकं, साधारण दोन पावाच्या स्लाइसइतकी. त्यात माल्टिटॉलचा वाटा आहे, तो साखरेपेक्षा हळू आणि कमी शोषला जातो, पण शून्य नव्हे. जास्त झालं तर पोट बिघडवतो, तेही मी भोगलं.

म्हणजे छापील मजकूर कदाचित नियमात बसेलही. खोटं होतं ते तोंडी सांगितलेलं आणि मीटर लावून दाखवलेलं. ‘मधुमेहींसाठी खास’ या शब्दांनाही काही आधार नाही, हे बाईंनीच सांगितलं. युरोपियन कमिशनने २००८ च्या अहवालात अशा खास पदार्थांची गरज नसल्याचं म्हटलं होतं. जर्मनीत त्यांच्यासाठी वेगळे नियम होते, ते काढून टाकले आणि २०१२ नंतर अशी लेबलं बंद झाली. ‘डायबेटिस यूके’ ही रुग्णांची संस्थाही असे पदार्थ घेऊ नका असंच सांगते.

पैसे परत मागितले तेव्हा आधी माझं मीटर खराब ठरलं. मग “शरीर शुद्ध होताना सुरुवातीला शुगर वाढतेच” असं ऐकवलं गेलं. मग म्हणाला, “गोळी अर्धी करा ताई, गोळी आणि बिस्किटं एकत्र जुळत नाहीत.” हे वाक्य मी विसरणार नाही. आपलं खोकं खपावं म्हणून कुणी अनोळखी माणसाला औषध कमी करायला सांगतो, आणि ऐकणारा दमलेला असेल तर तो खरंच कमी करतो. त्यानंतर फोन लागणं बंद झालं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती आणि ती सर्वांत घातक आहे: “शुगर कमी झाल्यासारखं वाटलं तर हेच खा.” घाम फुटतोय, हात थरथरतायत आणि शुगर ७० च्या खाली गेलीय, अशा वेळी तेलकट बिस्किट कामाचं नाही, कारण चरबीमुळे ग्लुकोज उशिरा पोहोचतं. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी मोजायचं, शुगर अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. इन्सुलिनवर किंवा माझ्यासारख्या गोळीवर असणाऱ्यांनी पिशवीत खरी साखर ठेवायची, शुगर-फ्री नव्हे.

आता मी मधल्या वेळी मूठभर बदाम किंवा शेंगदाणे खाते, नाहीतर उकडलेलं अंडं, बिनसाखरेचं दही, उकडलेले हरभरे. फळ खाल्लं तर अख्खं, रस नाही. पाकिटातलं घ्यायचंच झालं तर पुढची बाजू वाचतच नाही. मागे ‘एकूण कर्बोदकं’ बघते, मी प्रत्यक्षात किती खाणार त्या हिशेबाने मांडते आणि पहिल्या तीन घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, मध, गूळ किंवा फळांच्या रसाचा अर्क आहे का ते तपासते. नवीन पदार्थ असेल तर खाण्याआधी, तासाने आणि दोन तासांनी हात धुऊन मोजते. कुणी तुमच्यासमोर प्रयोग करून दाखवला तर त्याला म्हणा, दोन तास थांबू या.

आणि असं काही आधीच घेतलं असेल तर पाकीट फेकू नका. घटकांची यादी, बॅच क्रमांक, पावती आणि विक्रेत्याचे संदेश यांचे फोटो काढून ठेवा. अन्नसुरक्षा खात्याकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे लेखी तक्रार करताना हेच मागतात. गोळी कमी करायचा सल्ला दिला असेल तर तो कुणी, केव्हा, कोणत्या शब्दांत दिला तेही त्यात लिहा, आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. मी ते सगळं दिलंय. पैसे अजून मिळालेले नाहीत, तक्रार चालू आहे.