प्रोजेक्टर वापरून वर्ष होत आलं: चित्र झकास, पण सिनेमा कुठे सोडला ते याच्या लक्षात राहत नाही

गेल्या महिन्यात आलेल्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर माझ्या प्रोजेक्टरमधला प्लेअर सिनेमाची जागा विसरायला लागला. पेन ड्राइव्हवरचा सिनेमा रात्री अर्ध्यावर थांबवायचा, रिमोटचं लाल बटण दाबून झोपायला जायचं, आणि दुसऱ्या दिवशी लावला की परत पहिल्या फ्रेमपासून सुरू. यावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी माझं चांगलंच वाजलं आहे आणि त्याच तिरमिरीत हे लिहायला बसले आहे. पण वर्षभर घरात असलेल्या वस्तूबद्दल फक्त रागाने लिहिणं बरोबर नाही, म्हणून बाकीचंही सांगते.

रिझोल्यूशन, ल्युमेनचे आकडे, थ्रो रेशो वगैरे सगळीकडे दिलेलं असतं, ते परत लिहीत नाही. एवढंच बघा की ल्युमेनचा, म्हणजे यंत्र किती प्रकाश टाकतं त्याचा, आकडा अॅन्सी, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला, आहे का. नुसता मोठा आकडा छापला असेल तर तो धरून चालू नका.

घेतला तेव्हा डोक्यात एकच होतं. विशीत असताना मी सिनेमे अख्खे बघायचे. एक संपला की लगेच दुसरा, रात्र संपेपर्यंत. कंटाळवाणा निघाला तरी शेवटपर्यंत बसायचे, कारण अर्ध्यावर सोडायचं असतं हेच तेव्हा माहीत नव्हतं. मग नोकरी, मग मूल, मग फोनवर कानात बोंडं घालून कडेला झोपून बघणं. चाळिशी ओलांडल्यावर वाटलं, मोठा पडदा आला की ती बैठक परत येईल. दिवे मालवायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि अडीच तास हलायचं नाही.

पहिल्या काही महिन्यांत हे सांगण्यासारखं एकदाही जमलं नाही. घरातली सगळी कामं आटपून पडद्यासमोर बसेपर्यंत हातात उरतो तो जेमतेम पाऊण तास, तोही डोळे मिटायला लागलेले असताना. म्हणून मी वाट बघायचे. अख्खी संध्याकाळ मोकळी मिळाली की चांगला सिनेमा लावू म्हणत यादी वाढत गेली आणि प्रोजेक्टर कापडाखाली झाकलेला राहिला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, घेऊ नका, पैसे अडकून पडतात.

मत बदललं ते एका जुन्या कृष्णधवल सिनेमामुळे. रात्री लावला होता आणि वीसेक मिनिटांनी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक गोल ठिपका चमकून गेला. काही सेकंदांनी आणखी एक, आणि पाठोपाठ दृश्य बदललं. फोनच्या पडद्यावर असा ठिपका माझ्या नजरेत आलाच नसता. भिंतभर चित्रात तो स्पष्ट दिसला. हे ठिपके प्रोजेक्टर चालवणाऱ्या माणसासाठी असत. ३५ मिलिमीटर फिल्मचं २,००० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चित्रं या वेगाने जास्तीत जास्त २२ मिनिटं चालतं. थिएटरात दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असत. रीळ संपायला साधारण ८ सेकंद उरले की पहिला ठिपका यायचा, तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका यायचा, तेव्हा चित्र त्या यंत्रावर न्यायचं. प्रेक्षकाला काही कळायचं नाही.

म्हणजे ज्याला आपण अखंड सिनेमा म्हणतो तो थिएटरात तुकड्यातुकड्यांनीच पोचायचा आणि एकेका तुकड्याची लांबी माझ्या हातात रात्री उरणाऱ्या वेळेच्या आतच बसायची. त्या रात्री मी ठिपक्यावर सिनेमा थांबवला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी पुढचं रीळ बघितलं. सिनेमा आठवडाभर पुरला आणि आजही त्यातली दृश्यं मला क्रमाने सांगता येतात. विशीत एका रात्रीत ओळीने बघितलेल्या सिनेमांबद्दल मी हे म्हणू शकत नाही, त्यांचे शेवट एकमेकांत मिसळून गेले आहेत.

तेव्हापासून प्रोजेक्टर रोज चालू होतो. कुठे थांबायचं हे मात्र मी पाळते. दृश्य संपलं की थांबायचं, झोप आली म्हणून संवादाच्या मधे नाही. गोष्टीच्या नैसर्गिक सांध्यावर खंड पडला तर ती जास्त लक्षात राहते, असं मानसशास्त्रातल्या प्रयोगांतही दिसलेलं आहे आणि माझा अनुभव तोच आहे. मधेच तोडलं तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं मागे जावं लागतं आणि पाऊण तासातली पाच मिनिटं फार मोठी असतात. डीव्हीडीवर प्रकरणं पाडलेली असायची, तीही बहुतेक वेळा दृश्याच्या सुरुवातीला. स्ट्रीमिंगमध्ये ती सोय गेली आणि उरली फक्त सेकंद मोजणारी पट्टी. ही मला खरोखर मोठी हानी वाटते. ठिपकेही सगळीकडे सापडत नाहीत, जुने सिनेमे नव्याने स्वच्छ करताना ते बऱ्याचदा पुसून टाकतात. डिजिटल चित्रीकरणाच्या सिनेमात ते सहसा नसतातच.

याच प्रोजेक्टरवर घरात तीन वयांची माणसं सिनेमा बघतात, त्यामुळे त्याची परीक्षा नीट झाली आहे. मुलगी कॉलेजात आहे. तिच्याकडे वेळ आहे, पण ती दीडपट वेगाने बघते, हातात फोन असतोच. आवडलेलं दृश्य मात्र चारचार वेळा मागे नेऊन बघते आणि मला हाक मारते, "आई, इकडे ये ना, हे बघ कॅमेरा कुठून आत आला." मी आधी तिला वेग कमी कर म्हणून सांगायचे, आता सांगत नाही. कट कुठे पडला, आवाज चित्राच्या आधी कसा आला, हे तिला माझ्यापेक्षा लवकर दिसतं. विशीतल्या माझ्याकडेही भरपूर वेळ होता, फक्त मागे नेऊन बघायची सवय नव्हती.

बाबा निवृत्त आहेत. त्यांचा सिनेमा दुपारी, पडदे ओढून, पहिल्या पाटीपासून शेवटच्या नावापर्यंत. बहुतेक वेळा आधी बघितलेलाच. शेवटची नावं सुरू झाली की स्ट्रीमिंग अॅप चित्र कोपऱ्यात बारीक करून पुढच्या सिनेमाची उलटी मोजणी लावतं, तेव्हा ते चष्मा सावरत पुढे सरकतात आणि म्हणतात, "अगं, तो छायाचित्रकार कोण होता ते वाचू दे की." खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचं आपोआप सुरू होणं बंद केलं, तेव्हा कुठे त्यांना सुख लागलं. घरात मोठी माणसं असतील तर पहिल्याच दिवशी हे करा.

बाबांमुळेच आवाजाची आणि पंख्याची खरी अडचण कळली. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान राहायला लागते आणि भिंग गढूळ होत जातं, त्यामुळे आत प्रकाश कमी पोचतो. मला पुरेसं वाटणारं चित्र बाबांना अंधारं दिसतं. मग ब्राइट मोड लावायचा. तो लावला की यंत्र तापतं आणि पंखा मोठ्याने घोंगावतो. वयाबरोबर कानातून आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज, आणि स, श, फ, क, ट अशा व्यंजनांची ओळख त्याच पट्टीवर असते. म्हणजे बोलतंय कुणीतरी हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. त्यावर पंख्याची घरघर. चित्र दिसायला लागलं की संवाद जातो, संवाद ऐकू यायला लागला की चित्र जातं. या एका गोष्टीत या प्रोजेक्टरची रचना चुकलेली आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर थोडं काम करता येतं. बरेच सिनेमे ५.१, म्हणजे सहा स्पीकरांत वाटलेल्या, आवाजात येतात आणि त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतो. तो स्पीकर आपल्याकडे नाही, म्हणून सगळं दोन छोट्या स्पीकरांत कोंबलं जातं आणि माणसं पुटपुटतात, स्फोट मात्र खोली हलवतात. आवाजाच्या यादीत साधा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो निवडा. नाइट मोड चालू करा, त्याने मोठे आवाज दबतात आणि बारीक आवाज वर येतात. मी रात्री घर झोपलेलं असताना बघते, तेव्हा त्याच्याशिवाय चालतच नाही. आणि सबटायटल कायम चालू, भाषा आपली असली तरी. आधी मला त्याचा राग यायचा, नजर खाली अडकते म्हणून. आता त्यांच्याशिवाय मी सिनेमा लावत नाही.

मोशन स्मूदिंग बंद करा, यावर फार बोलायला नको. २४ चित्रांच्या सिनेमात खोट्या फ्रेम घुसवल्या की नटाचा चेहरा मालिकेतल्यासारखा दिसायला लागतो.

आता मूळ तक्रार. स्ट्रीमिंग अॅपमध्ये आपण कुठे थांबलो ते खात्यावर, कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलं जातं, म्हणून प्रोजेक्टर बंद करा, फोनवर उघडा, जागा सापडते. पण माझ्याकडचे जुने सिनेमे, ठिपकेवाले, पेन ड्राइव्हवर आहेत. त्यांची जागा प्रोजेक्टरमधल्या प्लेअरनेच लक्षात ठेवायला हवी. अपडेटपूर्वी ती राहत होती. मी दोन्ही पद्धतींनी तपासून बघितलं. मागे जाण्याचं बटण दाबून प्लेअरमधून बाहेर पडलं आणि मग यंत्र बंद केलं, तर जागा राहते. सिनेमा चालू असताना थेट लाल बटण दाबलं, तर जाते. सेटिंगमध्ये स्टँडबायचा पर्याय बदललेला दिसला. आधी लाल बटणाने यंत्र नुसतं झोपायचं आणि प्लेअर आत जागेवर असायचा, आता ते पूर्ण बंद होतं. प्लेअर जागा लिहून ठेवतो ती बाहेर पडताना, आणि त्याला बाहेर पडू दिलंच जात नाही.

हे सगळं मी सर्व्हिस सेंटरला लिहून कळवलं. उत्तर आलं, "फॅक्टरी रीसेट करून बघा मॅडम." केलं. सगळी अॅप, सगळे पासवर्ड पुन्हा भरले. फरक शून्य. नंतर सांगण्यात आलं की वॉरंटीत हार्डवेअर येतं, सॉफ्टवेअर येत नाही. अपडेट तुम्ही पाठवलं, बिघाड त्याने झाला, मग जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला उत्तर नाही. शेवटी एकाने सुचवलं की वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा. का लावू? स्मार्ट म्हणून विकलेल्या यंत्राचे पूर्ण पैसे मोजलेत, त्यावर आणखी एक उपकरण घेणं मला अजिबात मान्य नाही.

जाणत्या लोकांना हे क्षुल्लक वाटेल. पट्टी सरकवा, शोधा, पुढे बघा, असं एका मित्राने सांगितलंही. पण पट्टी सरकवताना पुढची दृश्यं डोळ्यांसमोरून जातात. मेलेलं कोण, शेवटी सोबत कोण, हे अंगठ्याच्या एका चुकीच्या दाबाने कळून जातं. आठवडाभर पुरवून बघायचा सिनेमा असा वाया गेला की फार लागतं. ज्याच्याकडे सलग अडीच तास आहेत त्याला या सोयीची गरजच पडत नाही. कॅसेट तर काही न करता हे करायची, जिथे थांबवली तिथेच टेप थांबलेली असायची, आठवड्याने लावा नाहीतर वर्षाने.

सध्या मी कोडी हा मोफत प्लेअर टाकला आहे आणि तो मनापासून आवडला आहे, कारण त्याचे नियम उघड आहेत. मूळ सेटिंगनुसार पहिल्या १८० सेकंदांत थांबलात तर तो जागा नोंदत नाही आणि शेवटच्या ८ टक्क्यांत थांबलात तर पुढे सुरू करण्याची जागा ठेवत नाही. दोन तासांच्या सिनेमात ८ टक्के म्हणजे साडेनऊ मिनिटांहून थोडं जास्त. माझ्यासारखी झोपाळू बाई नेमकी तिथेच थांबते, पण हा आकडा सेटिंगच्या फाइलमध्ये बदलता येतो आणि मी तो २ वर आणला आहे. बाहेर पडताना थांबवा बटण दाबून मगच लाल बटण, ही सवय बाबांनाही लावली आहे. मुलगी ऐकत नाही.

घ्यायचा विचार असेल तर चित्राची काळजी करू नका, ते उत्तम आहे. तुमच्या घरी मोठी माणसं असतील तर ब्राइट मोड लावून पंख्याचा आवाज दुकानात शांत कोपऱ्यात ऐका. आणि सोबत पेन ड्राइव्ह न्या. सिनेमा लावा, मधेच कुठेतरी नेऊन लाल बटण दाबा, प्लग काढा, परत लावा आणि काय होतं ते विक्रेत्यासमोर बघा. पहिल्या फ्रेमपासून सुरू झाला तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.