स्पेनच्या किनाऱ्यावर चालायला एकच दिवस आहे: कालेया–तामारिऊ की सुमाइया–देबा?

स्पेनच्या सहलीत किनाऱ्याने पायी चालण्यासाठी एकच दिवस हाताशी असेल, तर दोन वाटांमध्ये निवड करणं अवघड जातं. एक भूमध्य समुद्रालगत, कातालुन्यातल्या कोस्ता ब्रावावर: कालेया दे पालाफ्रुझेल ते तामारिऊ. दुसरी उत्तरेला, बास्क प्रदेशात: सुमाइया ते देबा. दोन्हींवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत, पहिलीवर जीआर 92 या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या आणि दुसरीवर जीआर 121 च्या. या दोन पट्ट्यांची फुली दिसली, तर ती वाट चुकीची समजायची.

कालेया–तामारिऊ अंतर सुमारे 7 कि.मी. आहे. थांबत गेलात तरी तीन तास पुरतात. तस्करांवर नजर ठेवणारे पहारेकरी पूर्वी या ‘कामी दे रोंदा’वरून फिरत. कालेया ते ल्याफ्रांक हा पहिला अर्धा तास पायऱ्या आणि फरसबंदीचा आहे. लहान मुलं आणि आजी-आजोबाही तो सहज चालतात. ल्याफ्रांकनंतर खरा चढ लागतो, समुद्रापासून सुमारे 165 मीटरवरच्या सांत सेबास्तियाच्या दीपगृहापर्यंत (हे 1857 चं). तिथून पाइनच्या रानातून काला पेद्रोसा या गोट्यांच्या छोट्या खाडीत उतरायचं आणि पुन्हा चढायचं. साध्या चपला घालणाऱ्यांचे घोटे नेमके इथेच मुरगळतात. तामारिऊत शिरताना शेवटचा भाग खडकांवरून जातो. पूर्वेचा वारा सुटून लाटा खडकांवर फुटत असतील, तर तो टाळून वरच्या रस्त्याने उतरा.

इथला अडसर परतीचा आहे. पालाफ्रुझेलला रेल्वे नाही. बार्सिलोनाहून बसने सव्वादोन तास किंवा थोडे जास्त लागतात, आणि तामारिऊहून पालाफ्रुझेलला येणाऱ्या बस उन्हाळ्यातही मोजक्याच. त्यामुळे सकाळीच टॅक्सीने तामारिऊला जाऊन उलट दिशेने चालणं शहाणपणाचं. शेवट कालेयात होतो. तिथे पोहता येतं आणि बसही मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही त्रास देतात. मे, जून किंवा सप्टेंबर निवडा.

सुमाइया–देबा ही पूर्ण दिवसाची वाट आहे. अंतर सुमारे 14 कि.मी., पण ओढ्यागणिक उतरून पुन्हा चढायचं असल्याने चालण्याचेच पाच तास धरा. तरीही गुडघे धड असतील तर आम्ही हीच सुचवू, कारण असा किनारा दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही. इथे समुद्रतळाचे कठीण चुनखडीचे आणि मऊ मातकट खडकाचे थर आलटून पालटून उभे राहिले आहेत. मऊ थर लाटांनी झिजतात आणि कठीण थर पात्यांसारखे वर उरतात. डायनोसॉर नाहीसे झाले त्या 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या काळाची सीमाही सुमाइयाच्या कड्यात दिसते. 2015 पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक जिओपार्कांमध्ये आहे.

मात्र हे सगळं भरती-ओहोटीवर अवलंबून आहे. भूमध्य समुद्रात पाणी फारसं चढत-उतरत नाही. इथे उधाणाच्या दिवसांत फरक चार मीटरपर्यंत जातो. भरतीच्या वेळी पोहोचलात, तर वाटेतल्या साकोनेता या किनाऱ्याचा पसरलेला खडकाळ तळ पाण्याखाली असतो आणि दिसतात ते फक्त कडे. कोकणातल्या वाचकांना हिशेब ओळखीचा आहे: ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची खोल ओहोटी उन्हाळ्यात साधारण दुपारच्या सुमारास येते. म्हणजे नऊच्या आसपास सुमाइयाहून निघालं की साकोनेताला वेळेत पोहोचता येतं. तारखेचं भरतीपत्रक आधी पाहूनच दिवस ठरवा. खाली उतरलात तर शेवाळावर पाय जपा, पाणी वाढायला लागताच वर या. दगड उचलून आणायला मनाई आहे.

वाट चुकते ती एलोरियागा या वस्तीनंतर. तिथपर्यंत सांतियागोच्या यात्रेचे पिवळे बाणही सोबत असतात. पुढे ते आत, इत्सियारकडे वळतात. सवयीने त्यांच्यामागे गेलात तर देबाला पोहोचाल, पण समुद्र सुटेल. पाऊस झाला असेल तर कुरणांतली चिकणमाती बुटांच्या तळव्यांना थापल्यासारखी चिकटते, म्हणून खोल खाचांचे बूट हवेत. माणशी दोन लिटर पाणी घ्या. गुरांसाठीची फाटकं ओलांडल्यावर बंद करा.

परतीचा प्रश्न इथे उरत नाही. देबाहून युस्कोट्रेन वीसेक मिनिटांत सुमाइयाला आणते, आणि तीच गाडी पुढे सान सेबास्तियानला जाते. सकाळपासून संततधार असेल, तर सुमाइयातच इत्सुरुनचा किनारा आणि सान तेल्मोचं छोटं देऊळ एवढंच पाहा. निसरड्या उतारांवर जाऊ नका.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच: दुपारचं जेवण साधारण दीड ते साडेतीन या वेळेत, त्याआधी बहुतेक स्वयंपाकघरं सुरू नसतात. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ म्हणणं पुरत नाही, हॅम आणि टूना वेगळे सांगावे लागतात. कातालुन्यात टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा निर्धास्त मागा. बास्क बाजूला अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट. नाहीतर तळलेल्या हिरव्या मिरच्या घ्या, आणि सोबत डब्यात पोळी-भाजी असू द्या, कारण एलोरियागा ते देबा वाटेत खायला मिळेल याचा भरवसा धरता येत नाही.