डोपामिन मोजायचंय: फ्लोरोडोपा, रॅक्लोप्राइड की न्यूरोमेलॅनिन एमआरआय?

स्किझोफ्रेनियात डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचं गणित बिघडतं, हे बहुतेकांना मान्य असतं. अभ्यास आखायला बसलं की मात्र पेच पडतो, कारण डोपामिन स्वतः कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. पेशीत ते किती बनतं, बाहेर किती सुटतं, समोर ते पकडणारे रिसेप्टर किती आहेत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. यंत्र निवडण्याआधी यातला आपला कोणता, ते ठरवा.

फ्लोरोडोपा पेट (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा माग काढणारा स्कॅन) पहिल्या प्रश्नासाठी. डोपा म्हणजे डोपामिनचा कच्चा माल; किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून देतात. चेतापेशी तो उचलतात आणि त्याचं डोपामिनसारखं द्रव्य करून साठवतात. मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागात ते किती वेगाने साचतं, यावरून निर्मितीची क्षमता कळते. आधी कार्बिडोपाची गोळी द्यावी लागते, नाहीतर बराचसा डोपा मेंदूत पोहोचण्याआधीच शरीरात खर्च होतो. फ्लोरिन-18चं अर्धायुष्य जवळपास 110 मिनिटं असल्याने ट्रेसर, म्हणजे हे किरणोत्सारी द्रव्य, बाहेरून मागवता येतो, ही मोठी सोय. अडचण आहे ती वेळेची. साधारण दीड तास डोकं न हलवता पडून राहायचं. ज्याला त्याच वेळी कानात आवाज ऐकू येताहेत, त्याच्यासाठी हा दीड तास किती लांब असेल, याचा विचार वेळापत्रक करतानाच व्हायला हवा.

तरीही रुग्णांवरच्या अभ्यासासाठी माझा कौल याच पद्धतीला आहे. 1990च्या दशकाच्या मध्यापासून वेगवेगळ्या गटांना यातून वाढलेली निर्मिती दिसत आली. शिवाय 2012मध्ये एक फार मोलाची गोष्ट पुढे आली: ज्यांना नेहमीच्या औषधांनी गुण येत नाही, अशा रुग्णांत ही निर्मिती वाढलेली नव्हती. म्हणजे औषध लागू का पडत नाही, याचा एक धागा इथे हाती लागतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी रॅक्लोप्राइड पेट. त्याचं तंत्र निराळं. हा ट्रेसर आणि डोपामिन एकाच जागेसाठी, डी-2 आणि डी-3 रिसेप्टरसाठी, झगडतात. अॅम्फेटामिन हे उत्तेजक औषध दिलं की डोपामिन उसळतं, ट्रेसरला जागा कमी उरते आणि सिग्नल जितका घसरतो त्यावरून किती सुटलं याचा अंदाज येतो. 1990च्या दशकात याच मार्गाने रुग्णांमधली घसरण निरोगी लोकांपेक्षा जास्त निघाली. मात्र अॅम्फेटामिनने काही रुग्णांची लक्षणं तात्पुरती बळावतात. तिथे सल्ला देणारा मनोविकारतज्ज्ञ हाताशी नसेल, तर हा प्रयोग करूच नये असं मला ठामपणे वाटतं. या ट्रेसरमधल्या कार्बन-11चं अर्धायुष्य फक्त 20 मिनिटं, त्यामुळे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच लागतं. रुग्ण अँटिसायकोटिक (स्किझोफ्रेनियावरची नेहमीची औषधं) घेत असेल तर रिसेप्टर आधीच अडलेले असतात. उत्तेजन न देता नुसते रिसेप्टर मोजून फारसं हाती लागत नाही: 1986च्या एका अभ्यासात ते खूप वाढलेले दिसले, 1990च्या दुसऱ्यात फरकच नव्हता.

औषधाची मात्रा हाच तुमचा विषय असेल, तर मात्र रॅक्लोप्राइडला तोड नाही. हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकच्या 2000 सालच्या अभ्यासात डी-2 रिसेप्टरपैकी सुमारे 65 टक्के अडले की गुण येण्याची शक्यता वाढली आणि 78 टक्क्यांच्या पुढे स्नायूंचा ताठरपणा, थरथर असे त्रास वाढले. मात्रा वाढवत नेण्याआधी प्रत्येकाने पाहावेत असे हे आकडे.

सायक्लोट्रॉन नाही, ट्रेसर नाही, निधी तुटपुंजा आहे? मग न्यूरोमेलॅनिन एमआरआय पाहा. डोपामिनच्या रासायनिक प्रक्रियेतून तयार होणारं न्यूरोमेलॅनिन हे गडद रंगद्रव्य मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागात वर्षानुवर्षं साचतं. सुई नाही, किरणोत्सार नाही, काही मिनिटांचं काम. त्यामुळे पुन्हा पुन्हा मोजता येतं आणि मुलामुलींनाही सामील करता येतं. 2019च्या अभ्यासात हा सिग्नल मनोविकृतीच्या तीव्रतेशी आणि स्ट्रायटममध्ये सुटणाऱ्या डोपामिनशी जुळला. पण हा वर्षांचा जमाखर्च आहे, आजच्या दिवसाचा नाही. गेल्या आठवड्यात काय बदललं, हे तो सांगणार नाही.

फंक्शनल एमआरआयबद्दल थोडक्यात: तो रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल दाखवतो. बक्षिसाच्या खेळात स्ट्रायटम कसा वागतो हे बघायला तो चांगला, पण अहवालात त्याला डोपामिनचं मोजमाप म्हणू नका.

संमतीपत्र लिहिताना एक ओळ ठळक ठेवा. नातेवाईक विचारतातच, ‘स्कॅनमध्ये आजार दिसेल का?’ गटाची सरासरी वेगळी असली तरी रुग्ण आणि निरोगी माणसं यांचे आकडे एकमेकांत खूप मिसळलेले असतात. एका माणसाच्या स्कॅनवरून निदान होत नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.