१० गिगाहर्ट्झसाठी कोणतं लॅमिनेट: एफआर-४, आरओ४३५०बी की पीटीएफई?

लॅमिनेट म्हणजे सर्किट बोर्डाचा तांबं चढवलेला मूळ पत्रा; एफआर-४ हा त्यातला नेहमीचा, काचेचं कापड आणि राळ यांचा. ‘१० गिगाहर्ट्झला एफआर-४ चालेल का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, ट्रॅक (सिग्नल नेणारी तांब्याची पट्टी) किती लांबीचा आहे?

हिशोब करून पाहा. साध्या एफआर-४चा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (हा जितका जास्त, तितका सिग्नल हळू) ४.२च्या आसपास, लॉस टॅन्जंट (पदार्थ सिग्नलची किती ऊर्जा खातो त्याचं माप) ०.०२. आतल्या लेयरमधला १० सेंटीमीटरचा ट्रॅक १० गिगाहर्ट्झला नुसत्या डायलेक्ट्रिकपायी (तांब्यामधल्या इन्सुलेटरपायी) सुमारे ३.७ डीबी गमावतो, म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच उष्णता होऊन जाते. रॉजर्सच्या आरओ४३५०बीचा लॉस टॅन्जंट ०.००३७, तिथे हेच नुकसान ०.६४ डीबी. पीटीएफईच्या (म्हणजे टेफ्लॉनच्या) आरटी/ड्युरॉइड ५८८०वर तर जेमतेम ०.१२. उलट २.४ गिगाहर्ट्झच्या मॉड्यूलपासून अँटेनापर्यंत ३ सेंटीमीटरच जायचं असेल, तर एफआर-४ पाव डीबीच्या आसपास खातो. तिथे महागडं लॅमिनेट घेऊच नका.

आकडे पाहून ५८८०चा मोह होतो. दाट, अनेक लेयरच्या बोर्डासाठी ते लॅमिनेट टाळा. दर अंशाला ते जाडीच्या दिशेने २३७ पीपीएम फुगतं, तांबं फक्त १७. रिफ्लोमध्ये (भट्टीत सोल्डर वितळवताना) हा सगळा ताण व्हायाच्या, म्हणजे लेयर जोडणाऱ्या तांबं चढवलेल्या भोकाच्या, भिंतीवर येतो. शिवाय टेफ्लॉनला काही चिकटत नाही, म्हणून भोकं प्लेट करण्याआधी प्लाझ्मा किंवा सोडियमची प्रक्रिया लागते. आरओ४३५०बी ३२ पीपीएम फुगतं आणि फॅबमध्ये (बोर्डाच्या कारखान्यात) जवळजवळ एफआर-४सारखंच हाताळता येतं. माझ्या मते खरी निवड इथेच होते.

एफआर-४ची आणखी एक अडचण आहे. पातळ एफआर-४वरचं तांबं एच करून (रसायनाने विरघळवून) काढा आणि तो तुकडा उजेडासमोर धरा. कापडाची वीण स्पष्ट दिसते. काचेचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ६च्या पुढे, राळेचा ३च्या आसपास. डिफरन्शियल जोडीतला (एकच सिग्नल उलटसुलट नेणाऱ्या दोन ट्रॅकमधला) एक ट्रॅक धाग्यावरून आणि दुसरा फटीवरून गेला, की दोन सिग्नल पुढेमागे पोहोचतात. एचडीआयचे (खूप दाट बोर्डांचे) ट्रॅक बारीक, त्यामुळे हे जास्तच बोचतं. विरळ १०६ किंवा १०८० कापडाऐवजी पसरट धाग्यांचं १०७८ मागा आणि ट्रॅक थोडे तिरपे टाका.

तांब्याकडेही बघा. १० गिगाहर्ट्झला करंट तांब्याच्या ०.६६ मायक्रॉनच्या थरातच वाहतो; त्याहून खडबडीत फॉइल लावलं तर चांगल्या लॅमिनेटचा फायदा त्यातच जातो. म्हणून ऑर्डरमध्ये गुळगुळीत फॉइल लिहून द्या. आरएफ (रेडिओ सिग्नलच्या) ट्रॅकवर ईएनआयजीऐवजी (निकेलवर सोन्याच्या मुलाम्याऐवजी) इमर्शन सिल्व्हर, म्हणजे चांदीचा मुलामा, बरं, कारण निकेल लॉस वाढवतं.

डिजिटल बोर्ड असेल आणि लेयर पुष्कळ असतील, तर पॅनासॉनिकचं मेगट्रॉन ६ हे लॅमिनेट पाहा. आरएफ थोडं आणि बाकी साधं सर्किट असेल, तर वरच्या लेयरला आरओ४३५०बी, खाली एफआर-४ असा मिश्र स्टॅकअप (लेयरची रचना) घ्या. बहुतेकांना मी हेच सुचवतो. डेटाशीटवर आरओ४३५०बीच्या डायलेक्ट्रिक कॉन्स्टंटचे दोन आकडे आहेत, ३.४८ आणि ३.६६. ट्रॅकची रुंदी काढताना ३.६६ धरा.