११० सीसी एटीव्हीची सिलिंडर किट: आंब्याचा एक हंगाम वापरल्यानंतर

आमच्या वाडीत क्रेट, खताची पोती आणि पंपाचं डिझेल वर-खाली करायला चिनी बनावटीची ११० सीसी एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची चारचाकी मोटरसायकल, आहे. ऑटो क्लच, पुढे तीन गिअर, मागे एक. दापोलीकडच्या जांभ्याच्या चढणीवर ट्रॅक्टर वळत नाही, तिथे ही बापडी वळते. गेल्या उन्हाळ्यात सायलेन्सरमधून निळा धूर आणि ऑइल खाणं दोन्ही वाढलं. उघडल्यावर सिलिंडरला उभ्या रेघा दिसल्या. फोमच्या एअर फिल्टरला कुणी ऑइल लावत नव्हतं, त्यामुळे लाल धूळ थेट आत जात होती. पावसाळ्यात काम नसतं म्हणून तेव्हाच ऑनलाइन किट मागवली: सिलिंडर, ५२.४ मिलिमीटरचा पिस्टन, रिंगा, पिन, सर्क्लिपं, गॅस्केटं. तालुक्याच्या गॅरेजातून बसवून घेतली.

गाडी घरी आली ती टेम्पोतून, कारण ती सुरूच होत नव्हती. सेल्फ मारला की इंजिन गरागरा फिरे, पकड मात्र नाही. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "काका, रिंगा नव्या आहेत, बसायला वेळ घेतात. बॅटरी जोडून सेल्फ मारत राहा." हा सल्ला मी ऐकला नाही. न पेटणाऱ्या इंजिनाला सेल्फ मारत राहिलं की कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि नव्या रिंगा कोरड्या घासतात. शिवाय नव्या रिंगांचं कॉम्प्रेशन थोडं कमी असलं, तरी इंजिन निदान फुरफुरतं. इथे तेवढंही नव्हतं.

आधी फुकटातलं तपासलं. या गाड्यांना मागे दोरीचा किल स्विच (दोरी ओढली की इंजिन बंद) असतो आणि त्याच्या आत गंज चढतो. सीडीआयकडे (ठिणगी पाडणारा डबा) जाणारी किलची काळी-पांढरी वायर सुटी केली. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, ठिणगी निळी आणि जाड. प्लग ओला, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. तरी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला आमची दमट हवा मानवत नाही. पावसाळाभर उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीत ते सोडलं की बारीक जेट चोंदतो.

मग कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा, लावला. प्लगच्या भोकात आट्यांनी बसणारा साधा गेज, पण मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, नाहीतर आकडा खोटा येतो. काटा ७० पीएसआयच्याही (दाबाचं एकक) खाली. अशा इंजिनाला १४०-१५० च्या आसपास यायला हवं. भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा गळत असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चढला असता. तो जवळपास तिथेच राहिला, म्हणजे दोष वर, व्हॉल्व्हच्या बाजूला. एअर फिल्टर काढून सेल्फ मारला तर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा बारीक फवारा उलटा बाहेर! इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटत असला, की वर येणारा पिस्टन आत ओढलेलं मिश्रण परत ढकलतो.

डावं कव्हर आणि हेडचं गोल झाकण काढलं. फ्लायव्हीलवरची "टी" खूण केसवरच्या खुणेसमोर आणली. त्या वेळी कॅम स्प्रॉकेटवरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं, चेनने फिरणारं दातेरी चाक) "ओ" खूण हेडवरच्या खाचेसमोर हवी. ती एक दात मागे होती. स्प्रॉकेट २८ दातांचं, क्रँकवरचं (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) त्याच्या निम्म्याचं. म्हणजे वरचा एक दात खाली क्रँकवर जवळपास २६ अंश होतो आणि एवढ्याशा इंजिनाला तेवढा फरक पुरतो. चेनची ढिली बाजू न ताणता बोल्ट कसले की असं होतं, खुणा पहिल्यांदा जुळलेल्या दिसतात आणि क्रँक फिरवताच सरकतात. म्हणून बोल्ट कसल्यावर पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघाव्यात. दात जुळवला, थंड इंजिनावर दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) ०.०५ मिलिमीटरवर बसवले. काटा १५० ला टेकला आणि इंजिन चोकवर लगेच पेटलं.

आता किटबद्दल. धूर पूर्ण गेला. क्रेट लादून चढ दुसऱ्या गिअरात निघतो, पूर्वी पहिल्यात कण्हत जायची. हंगामभर ऑइलची पातळी नावापुरतीच उतरली. पहिलं ऑइल मी तासाभराच्या हलक्या चालवण्यानंतरच बदललं आणि त्यात चंदेरी चमक होती, म्हणजे ते बदलायलाच हवं होतं. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्याने दुचाकीचं, जेएएसओ एमए (ओल्या क्लचसाठीची खूण) लिहिलेलं ऑइल घाला. कारचं स्वस्त मिळालं म्हणून घालाल तर क्लच घसरेल.

तक्रार गॅस्केटांची. सिलिंडरच्या खालचं गॅस्केट दिवाळीपासूनच पाझरायला लागलं, कागदी आणि हलक्या प्रतीचं आहे. ते बदलायला सिलिंडर पुन्हा काढावा लागतो, म्हणून अजून पुसून चालवतोय. मार्चमध्ये गरम इंजिन चटकन सुरू होईना. बघितलं तर एक्झॉस्टचा टॅपेट आवळला होता, म्हणजे फट कमी झाली होती. नव्या कामानंतर पहिल्या महिन्यात टॅपेट एकदा बघून घेतलेला बरा.

ही एटीव्ही मी किनाऱ्यावर नेत नाही. पुळणीची वाळू फिल्टरला धुळीपेक्षा वाईट, आणि वेळास-आंजर्ल्याच्या पट्ट्यात कासवांची घरटी असतात, तिथे चाक फिरवायचं कामच नाही.

पुन्हा घेईन का? किट घेईन, पण सोबत चांगल्या प्रतीचा गॅस्केट सेट वेगळा मागवीन आणि किटमधला जुन्या स्कूटरवाल्याला देऊन टाकीन. गेज आता शेजारच्या वाडीत गेलाय, त्यांच्या ग्रासकटरसाठी.